बर्था बेंझ : चढाने दिलेला धडा

प्रस्तावना

जबलपूर शहरालगतचे रिछाई हे नाव आज तेथील औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. जबलपुरातच १९६९ साली सैन्यासाठी वाहने तयार करणारी वाहन निर्माणी स्थापन झाली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे मध्य प्रांताच्या राजवटीतही जबलपुरात मराठी कुटुंबे येऊन स्थायिक होत गेली. त्यांतील अनेकांना ‘शक्तिमान’ ट्रक आणि ‘जोंगा’ ही गाडी चांगलीच आठवत असेल. या दोन्ही वाहनांची निर्मिती १९९०च्या दशकात थांबली. परंतु डोंगर, वाळवंट आणि चिखल यांतून वाट काढणारी वाहने म्हणून त्यांची ख्याती टिकून आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचवण्याची सोय या वाहनांत होती. अवघड चढ आला की चालक खालचा गिअर टाकत असे आणि मालाने भरलेले वाहन हळूहळू, पण न थांबता वर चढत असे.

खालचा गिअर टाकला की गाडी चढ चढते, हे आज लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु मोटारगाडी जन्माला आली तेव्हा ही गोष्ट कोणी अनुभवलेली नव्हती. तो अनुभव घेण्यासाठी कोणाला तरी गाडी घेऊन रस्त्यावर उतरावे लागले, चढावर अडकावे लागले आणि घाम गाळून ती ढकलावी लागली. हे काम करणारी व्यक्ती कोणी अभियंता नव्हती. ती एक गृहिणी होती, मुलांची आई होती. तिचे नाव बर्था बेंझ. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

बालपण

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील फोर्त्सहाइम या गावी झाला. त्यांचे वडील कार्ल फ्रीड्रिख रिंगर हे बांधकामाचा व्यवसाय करीत. घरची स्थिती सुखवस्तू होती. वडिलांच्या कामामुळे लाकूड, हत्यारे, मापे आणि नकाशे या गोष्टी बर्था यांच्या नजरेसमोर लहानपणापासून होत्या. वस्तू कशी जोडली जाते, यंत्र कसे चालते, याचे त्यांना विलक्षण कुतूहल वाटे.

त्यांच्या बालपणीची एक आठवण सांगितली जाते. घरातील बायबलच्या पानावर मुलांच्या जन्माची नोंद करण्याची तेथे पद्धत होती. बर्था यांच्या जन्माची नोंद करताना, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाची खंत त्या पानावर व्यक्त झाली होती. थोडी समज आल्यावर ती नोंद बर्था यांच्या वाचनात आली आणि मनाला लागून राहिली. आपल्या समाजालाही ही खंत अपरिचित नाही. नको असताना झालेली मुलगी म्हणून तिचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात काही ठिकाणी होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अनेक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. बर्था यांना मात्र स्वतःच्या नावाचा अर्थ स्वतःच घडवावा लागला.

त्या काळी जर्मनीत मुलींना विद्यापीठांची दारे बंद होती. मुलींच्या शाळेतील शिक्षण संपले की विवाह, हाच त्यांच्यापुढील मार्ग मानला जाई. बर्था यांचे शालेय शिक्षण झाले, परंतु यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण घेण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

विवाह आणि संघर्ष

१८६९ मध्ये एका सहलीच्या वेळी बर्था यांची कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. कार्ल यांचा जन्म १८४४ मधला. त्यांचे वडील रेल्वेच्या इंजिनावर चालक होते. कार्ल लहान असतानाच ते निवर्तले. आईने काबाडकष्ट करून मुलाला शिकवले आणि कार्ल यांनी कार्लसरूह येथे यंत्रशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. घोड्याशिवाय चालणारी गाडी तयार करावी, हा एकच ध्यास त्यांना लागला होता. बर्था यांना या तरुणाच्या स्वप्नाचे हसू आले नाही. उलट त्या स्वप्नावर त्यांचा विश्वास बसला.

१८७१ मध्ये कार्ल यांनी मानहाइम या शहरात एका भागीदाराबरोबर यांत्रिक कामाचा कारखाना सुरू केला. भागीदार भरवशाचा निघाला नाही. कारखान्यातील हत्यारांवर जप्ती आली आणि आरंभीच सारे बुडण्याची वेळ आली. त्या वेळी बर्था यांचा विवाह व्हायचा होता. विवाहासाठी राखून ठेवलेली आपली रक्कम त्यांनी वडिलांकडून आधीच मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. विवाहापूर्वीच भावी पतीच्या कारखान्यात स्वतःचे धन घालणे हे त्या काळी मोठे धाडस होते. २० जुलै १८७२ रोजी त्यांचा विवाह झाला.

पुढील वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. युजीन, रिशार्ड आणि क्लारा ही मुले झाली. संसार वाढत होता, परंतु हाती पैसा टिकत नव्हता. अशा स्थितीतही कार्ल यांचे इंजिनावरील प्रयोग चालूच होते. १८७९ च्या वर्षअखेरीच्या रात्री, सारे शहर नव्या वर्षाच्या स्वागताची वाट पाहत असताना, बर्था यांनी पतीला आणखी एकदा प्रयत्न करून पाहण्याचा आग्रह केला. दोघे कारखान्यात गेले. त्या रात्री इंजिन सुरू झाले आणि एकसारख्या लयीत चालत राहिले. कित्येक वर्षांच्या निराशेनंतर ऐकू आलेला तो आवाज दोघांनी बराच वेळ तेथेच उभे राहून ऐकला, असे सांगतात.

१८८३ मध्ये ‘बेंझ आणि कंपनी’ स्थापन झाली. स्थिर इंजिनांची विक्री होऊ लागल्याने घराला थोडा आधार मिळाला. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मागच्या बाजूला एका सिलिंडरचे लहानसे इंजिन, पुढे एकच चाक आणि ते वळवण्यासाठी हातात धरायचा दांडा, असे तिचे स्वरूप होते. इंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती. पेटंट ‘बेंझ आणि कंपनी’ या नावाने निघाले. ज्यांचे धन आणि श्रम तिच्यात खर्ची पडले होते, त्या बर्था यांचे नाव त्या कागदावर नव्हते.

गाडी तयार होती. पण गिऱ्हाईक नव्हते

पेटंट मिळाले म्हणून गाडी विकली गेली नाही. ही धूर सोडणारी, खडखडणारी वस्तू लोकांना गमतीची वाटे. परंतु घोडागाडी सोडून ती विकत घेण्यास कोणी तयार नव्हते. गाडी वाटेत बंद पडली तर काय, ही शंका सर्वांच्या मनात होती आणि ती चुकीचीही नव्हती. कार्ल बेंझ स्वभावाने अतिशय काटेकोर होते. गाडीत सतत सुधारणा करावी आणि ती निर्दोष झाल्याशिवाय दूरवर नेऊ नये, असा त्यांचा कल होता. शहरातील सपाट रस्त्यांवर लहानसहान फेऱ्या होत. खऱ्या प्रवासाची परीक्षा गाडीने दिलीच नव्हती.

बर्था यांना हे दिसत होते. कारखान्याच्या आवारात गाडी कितीही सुधारली, तरी लोकांचा विश्वास बसणार नाही. त्यांना ती रस्त्यावर धावताना दिसली पाहिजे. शिवाय गाडीत नेमके काय कमी आहे, हेही रस्त्याशिवाय कळणार नाही. आपले सारे धन, पंधरा-सोळा वर्षांचे कष्ट आणि मुलांचे भवितव्य या गाडीवर अवलंबून आहे, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

एकशे सहा किलोमीटरांचा प्रवास

ऑगस्ट १८८८ च्या आरंभीची एक पहाट. कार्ल झोपेत असताना बर्था आणि त्यांचे दोन मुलगे, पंधरा वर्षांचा युजीन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड, घराबाहेर पडले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी गाडी काही अंतर ढकलत नेली आणि मग इंजिन सुरू केले. फोर्त्सहाइम येथे राहणाऱ्या आपल्या आईला भेटण्यास जात असल्याचे निमित्त त्यांनी पुढे केले होते. मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंतचा त्यांचा मार्ग सुमारे १०६ किलोमीटरांचा होता. मोटारगाडीतून इतक्या लांबचा प्रवास त्यापूर्वी कोणीही केला नव्हता.

रस्ते घोडागाड्यांसाठी बनलेले होते. ठिकठिकाणी चाकोऱ्या पडलेल्या, खडी उखडलेली आणि धूळ उडत असलेली. वाटेत पेट्रोल पंप असण्याचा प्रश्नच नव्हता. विसलोख या गावी इंधन संपत आले तेव्हा बर्था यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी तो वापरला जाई. जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून त्या दुकानाचा आजही उल्लेख होतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी वाफ होऊन सतत उडून जाई. ते विहिरीवर आणि ओढ्यावर थांबून पुन्हा पुन्हा भरावे लागे.

इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्था यांनी टोपीला लावण्याची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगी पाडणाऱ्या तारेचे आवरण झिजून विजेची गळती होऊ लागली, तेव्हा मोजा बांधण्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळला. साखळी बिघडली, तेव्हा लोहाराकडून ती दुरुस्त करून घेतली. अडचण आली की हाताशी असलेल्या वस्तूतून मार्ग काढायचा, हे संसारात शिकलेले शहाणपण येथेही उपयोगी पडले.

या सर्व अडचणींवर उपाय सापडला. एका अडचणीवर मात्र पिन, पट्टा किंवा लोहार यांपैकी कोणाचाही उपयोग नव्हता. ती अडचण होती चढाची. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने जाणारी गाडी चढ लागला की मंद होत जाई आणि अखेर जागीच थांबे. मग मुले खाली उतरत आणि गाडी ढकलत. चढ तीव्र असला की बर्था यांनाही ढकलण्यासाठी उतरावे लागे. उन्हात, धुळीत, लांब झग्याचा घोळ सावरीत त्यांनी गाडी माथ्यावर नेली. उतारावर नेमके उलटे संकट उभे राही. गाडी आवरणे कठीण होई आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून जात. तेव्हा बर्था यांनी एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची कल्पना अशी रस्त्यावर जन्माला आली.

संध्याकाळ उलटून गेल्यावर धुळीने माखलेले ते तिघे फोर्त्सहाइमला पोहोचले. बर्था यांनी पतीला तारेने खुशालीचा निरोप पाठवला. काही दिवसांनी त्या त्याच गाडीतून मानहाइमला परतल्या.

गाडी चढावर का थांबली?

घरी परतल्यावर बर्था यांनी पतीला प्रवासाचा वृत्तांत दिला आणि चढ चढण्यासाठी गाडीला आणखी एक, खालचा गिअर हवा, असे सुचवले. कार्ल बेंझ यांनी ती सूचना मान्य करून गाडीत तशी सोय केली. या सूचनेचे महत्त्व समजून घेण्यासाठी गिअरचे कार्य थोडे पाहू.

इंजिन जी ताकद निर्माण करते, ती चाकापर्यंत नेताना तिचे रूप बदलता येते. समजा, वीस दात असलेले लहान दंतचक्र साठ दातांच्या मोठ्या दंतचक्राला फिरवत आहे. लहान चक्राचे तीन फेरे होतात, तेव्हा मोठ्याचा एक फेरा होतो. वेग एक तृतीयांश झाला. पण घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला, तर फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट झाला. या जोराला ‘टॉर्क’ म्हणतात. जड दगड हलवण्यासाठी आपण लांब पहार वापरतो. पहारीचे आपल्या हातातील टोक बरेच खाली जाते, दगड मात्र थोडाच उचलला जातो. अंतर देऊन जोर मिळवण्याचा हा व्यवहार आहे आणि गिअरमध्येही तोच व्यवहार होतो. बेंझ यांच्या गाडीत हे काम पट्टे, कप्प्या आणि साखळ्या करीत. पुढे पेटीतील दंतचक्रे ते करू लागली.

खालच्या गिअरमध्ये चाक सावकाश, पण जोराने फिरते. म्हणून गाडी चढ चढते आणि थांबलेल्या स्थितीतून चटकन वेगही घेते. वरच्या गिअरमध्ये जोर कमी होतो. परंतु इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर तोडते. म्हणूनच कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना ट्रकचालक खालचा गिअर टाकतो आणि सपाटीला लागल्यावर वरच्या गिअरवर येतो. घाट उतरतानाही तो खालच्याच गिअरमध्ये राहतो, कारण तेथे इंजिन स्वतःच गाडीला आवर घालते आणि ब्रेक तापत नाहीत. बर्था यांना चढाने आणि उताराने जे शिकवले, तेच आज प्रत्येक चालकाला पहिल्या धड्यात शिकवले जाते.

१८८८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. बेलफास्ट येथे राहणारे जॉन बॉइड डनलॉप हे व्यवसायाने पशुवैद्य होते. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार आदळते, हे पाहून त्यांनी तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच मांडली होती. पण ती व्यवहारात रुजली डनलॉप यांच्यामुळे. बर्था यांच्या गाडीला हवा भरलेले टायर नव्हते. १८९५ च्या पॅरिस ते बोर्दो या शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार धाववली. ती वाटेत अनेकदा पंक्चर झाली, तरी मोटारीलाही असे टायर लावता येतात हे सिद्ध झाले.

गिअर आणि टायर यांचे नाते अतूट आहे. गिअरने चाकाला कितीही जोर दिला, तरी चाकाने जमीन घट्ट धरली नाही तर ते जागच्या जागी गरगर फिरते. पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथे इंजिनाची ताकद कमी नसते. कमी असते ती जमिनीवरील पकड. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कठीण आणि अरुंद असते. बैल जमिनीवर पाय रोवून ओढतात आणि चाक फक्त मागून येते, म्हणून तिचे काम त्यावर भागते. मोटारीत मात्र चाकालाच जमीन मागे रेटून गाडी पुढे न्यायची असते. हवा भरलेला टायर जमिनीवर थोडा दबतो, तिच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतो आणि त्यामुळे पकड टिकवतो. त्यावरील खोल नक्षीतून पाणी आणि चिखल बाजूला सारला जातो. सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते. नक्षीचे महत्त्व पुढे अनुभवातून कळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठे टायर लावले की गाडी अधिक जोरकस होते, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते. म्हणजे गिअर थोडा वरचा केल्यासारखाच परिणाम होतो आणि चढावरचा जोर घटतो. म्हणून टायरचा आकार बदलायचा झाल्यास गिअरच्या प्रमाणाचाही विचार करावा लागतो. निसरड्या रस्त्यावर अगदी खालच्या गिअरमध्ये एकदम जोर दिला तर चाक घसरते. तेथे जोर बेताने द्यावा लागतो. ‘जोंगा’ किंवा ‘शक्तिमान’ यांसारख्या वाहनांत ताकद चार चाकांत वाटली जाते, ती याच कारणाने. दोन चाकांची पकड सुटली, तरी उरलेली दोन चाके गाडी बाहेर काढू शकतात.

यश आणि उत्तरायुष्य

बर्था यांच्या प्रवासाची वार्ता सर्वत्र पसरली. कोणी कौतुक केले, कोणी टीका केली. परंतु मोटारगाडी दूरचा प्रवास करू शकते, हे आता नाकारता येत नव्हते. त्याच वर्षी म्युनिक येथील प्रदर्शनात बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. पुढे चारचाकी ‘व्हिक्टोरिया’ आणि नंतर लहान, स्वस्त अशी ‘व्हेलो’ या गाड्या बाजारात आल्या. १८९९ मध्ये बेंझ कंपनीने ५७२ गाड्या तयार केल्या. त्या काळी जगातील कोणताही कारखाना इतक्या गाड्या तयार करीत नव्हता.

१९०३ मध्ये व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने कार्ल बेंझ यांनी कंपनीच्या कारभारातून अंग काढून घेतले. कुटुंब लाडेनबुर्ग या गावी राहावयास गेले आणि तेथे १९०६ मध्ये मुलांच्या सोबतीने त्यांनी नवा कारखाना काढला. १९२६ मध्ये मूळ बेंझ कंपनी डाइमलर कंपनीत विलीन होऊन ‘डाइमलर-बेंझ’ अस्तित्वात आली. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल बेंझ यांचे निधन झाले. आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी पत्नीच्या धैर्याचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला होता.

बर्था यांना दीर्घायुष्य लाभले. मुलगी म्हणून ज्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला नव्हता, त्यांचा कार्लसरूहच्या तंत्रविद्यापीठाने ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, सन्माननीय सिनेटर ही पदवी देऊन गौरव केला. त्यांच्या पतीने याच संस्थेत शिक्षण घेतले होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. मानहाइम ते फोर्त्सहाइम हा त्यांच्या प्रवासाचा मार्ग २००८ पासून ‘बर्था बेंझ स्मृतिमार्ग’ म्हणून ओळखला जातो.

आपण काय शिकलो?

बर्था बेंझ यांनी इंजिन बनवले नाही. गिअरचे गणितही मांडले नाही. त्यांनी यंत्र वापरून पाहिले, ते कोठे कमी पडते हे बारकाईने पाहिले आणि ती उणीव स्पष्ट शब्दांत सांगितली. यंत्र बनवणाऱ्याला त्याचे गुण दिसतात. ते वापरणाऱ्याला त्याच्या अडचणी दिसतात. या दोन्ही दृष्टी एकत्र आल्या तेव्हा मोटारगाडी चढ चढू लागली.

शिक्षण अर्धवट राहिलेल्या अनेकांना वाटते की, आपण कारखान्यात केवळ नट आवळतो, गॅरेजमध्ये चाके बदलतो किंवा रस्त्यावर वाहन चालवतो; सुधारणा सुचवण्याचे काम मोठ्या शिकलेल्यांचे आहे. बर्था यांचे चरित्र हा समज दूर करते. रिछाईतील एखाद्या लहानशा कारखान्यात यंत्रावर उभा असलेला कामगार असो किंवा घाटात मालट्रक चढवणारा चालक असो. रोजच्या कामात जी अडचण त्याच्या हाताला जाणवते, ती कार्यालयात बसून नकाशा काढणाऱ्याला अनेकदा दिसत नाही. ती नीट पाहणे आणि न संकोचता सांगणे, हीसुद्धा यंत्राच्या जडणघडणीतील महत्त्वाची कामगिरी आहे.

स्वाध्याय

१. विवाहापूर्वी बर्था यांनी कार्ल बेंझ यांना कोणते साहाय्य केले? त्यात कोणता धोका होता?

२. प्रवासातील कोणत्या अडचणी बर्था यांनी वाटेतच सोडवल्या? कोणती अडचण वाटेत सुटू शकली नाही? का?

३. पहार आणि गिअर यांतील साम्य आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. चिखलात रुतलेल्या गाडीचे इंजिन जोरात फिरवूनही ती बाहेर का निघत नाही, ते सकारण लिहा.

५. तुम्ही रोज वापरत असलेल्या एखाद्या साधनात कोणती सुधारणा हवी, असे तुम्हाला वाटते? तिच्याविषयी आठ ते दहा ओळी लिहा.